मैदानात उतरेपर्यंत

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशिवाय शाळेचं संचलन झालं. मोबाइलवर फोटो आले. मुलींची मागची रांग वाकडी. मी असते तर सरळ केली असती.

काल संभाजीनगरच्या दवाखान्यातून जालन्याला घरी आले. गाडीत माझे यजमान वसंतराव प्रत्येक गतिरोधकाच्या आधी "धर" म्हणायचे आणि मी पोटाशी उशी आवळून घ्यायची. घरी आल्यावर पलंगावरून उठायचं कसं तेच समजेना. आयुष्यभर पोरींना उठाबशा शिकवल्या, आणि आज सुरुचीने, माझ्या दहावीतल्या लेकीने, मला कुशीवर वळून कोपराच्या आधाराने कसं उठतात ते दाखवलं.

माझी डावी किडनी आता माझ्या धाकट्या भावाच्या पोटात आहे. हे वाक्य लिहून बघायचं होतं. लिहिलं. अजून खरं वाटत नाही.

पप्पू गावी असतो, घनसावंगीकडे, शेती बघतो. दोन वर्षं झाली, मंगळवार-शुक्रवार जालन्याला येऊन डायलिसिसच्या मशीनवर झोपायचा. तो दवाखाना माझ्या शाळेच्या रस्त्यावरच. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन जायची. ते आता संपलं.

निघताना त्याला भेटू दिलं नाही. नवीन किडनीला जंतू लागतील म्हणून काचेतूनसुद्धा नाही. साधना, त्याची बायको, व्हरांड्यात भेटली. तोंडावर मास्क, डोळे सुजलेले. मी विचारलं, "कसाय?" तर म्हणाली, "बराय, अक्का. तुम्ही तुमचं बघा." बिचारी झोपलेली दिसत नव्हती. माय माझ्या पायथ्याशी बसली होती. तिने माझ्या पायावर डोकं टेकलं. मी रागावले. आईने लेकीच्या पाया पडायचं असतं का?

२० सप्टेंबर

हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं तर नाहीच. तीन बारीक भोकं आणि बेंबीखाली एक आडवी चीर, एवढ्याशा कामाला अंग असं घाबरतं? अंघोळीच्या वेळी आरशात पाहिलं आणि बघतच राहिले. खालचं पोट माझं वाटत नाही, कुणीतरी ठेवायला दिल्यासारखं वाटतं.

डॉक्टरांना मी निघतानाच खो-खोचं विचारलं होतं. जानेवारीत जिल्ह्यातल्या शिक्षिकांचे सामने असतात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "तीन महिने नाव काढू नका. पट्टा बांधा, चाला, जड काही उचलू नका. नंतर बघू. आता एकच आहे, त्या बाजूला मार बसता कामा नये."

म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

दुपारी पप्पूचा फोन. आवाज बारीक. "अक्का, एकदम बराबर चालू झाली तुझी किडनी."

"टेबलावरच सुरू झाली का रे? डॉक्टर म्हणले होते, कधी कधी टेबलावरच होते."

"हां. टेबलावरच."

मी फोन ठेवून रडले. रडतानाही टाके ओढतात, हे नवीन कळलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मैदानाला एक चक्कर. वसंतराव माझं कोपर धरून चालत होते, मी काचेची असल्यासारखं. हा माणूस ऑपरेशनच्या आधी माझ्याशी आठ-आठ दिवस भांडला होता. "तुझ्या माहेरात दुसरं कोणीच न्हाई का?" म्हणायचा. आता शब्द बोलत नाही. चहा करून देतो, पाय चेपतो, बियाणं कंपनीतून लवकर घरी येतो. शेजारणीला मी म्हटलं, ऑपरेशन मला नाही, यांनाच लाभलं.

११ ऑक्टोबर

शाळेत जाऊन आले, नुसती बसायला. सोबत पेढे नेले. "भावाला किडनी लागू पडली," असं सांगत सगळ्यांना दिले. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मला लाजल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

घरी येऊन सुरुचीला पेढा दिला. तिने हातात घेतला आणि अभ्यासाच्या खोलीत गेली. नंतर तो टेबलावर तसाच दिसला. वजनाचं खूळ घेतलंय पोरीने.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

पप्पू आला नाही. येणार नव्हताच, गर्दीत जायची मनाई. मोबाइलवर समोर बसवून ओवाळलं. तोंड सुजलंय. गोळ्यांनी सुजतं म्हणाला.

तेवढ्यात त्याने तांब्या उचलून तोंडाला लावला. साधनाने बाजूने हात घालून काढून घेतला. "बास आता. काल काय झालं ते इसरले का?"

मी म्हटलं, "अगं, पिऊ दे की. त्याला उलट भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर माझ्यासमोर म्हणले होते."

तांब्या पडद्याबाहेर गेला. मग साधना म्हणाली, "गार व्हतं, अक्का. घसा धरतो त्यांचा."

इतकी पण काळजी बरी नाही. दोन वर्षं वाटीने मोजून पाणी प्यायला तो. आता तरी पोटभर पिऊ द्यावं.

६ नोव्हेंबर

आज पळाले. पळाले म्हणजे दोन चुन्याच्या रेषांमधलं अंतर, म्हातारीसारखं. डाव्या बाजूला आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणतात तिथं काही नाही, आतडी जागा भरून काढतात. मला मात्र वाटत होतं की धावताना मी डावीकडे हलकी झालेय आणि कलतेय.

पप्पूला फोन करून सांगितलं. खेळात तोच माझा गुरू, सात वर्षांनी लहान असून. लहानपणी मी त्याला पकडायला कापसाच्या सरीतून धावायची आणि तो हातात यायचा नाही. पुढं तो जिल्ह्याच्या संघात खेळला. माझी एकेक चूक त्याला पाठ असते.

"टाच टेकवून पळलीस ना?" म्हणाला. गावात बसून त्याला दिसलं कसं कोण जाणे.

"मी येऊ का भेटायला? तोंडाला बांधून येते."

"न्हाई, अक्का. अजून न्हाई. डॉक्टर कोणालाच येऊ देऊन न राह्यले."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीला संभाजीनगरला. वसंतराव आधी एकटेच डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आत होते. मग मला बोलावलं. रक्त, लघवी, सगळं ठीक.

मी विचारलं, "आणि दुसरी कशी आहे, डॉक्टर?"

त्यांनी आधी वसंतरावांकडे पाहिलं, मग कागदाकडे. "उत्तम. एकटीने सगळं काम उचललंय."

मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी लगेच पप्पूला फोन लावला. साधनाने उचलला. झोपलेत म्हणाली. मंगळवारी किंवा शुक्रवारी लावला की हा झोपलेलाच. जुनी सवय असेल अंगाची, मशीनच्या दिवशी थकून जायची.

७ डिसेंबर, रविवार

संघाचा सराव सुरू झाला. वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षिका आहेत, बऱ्याच जणी माझ्यापेक्षा लहान. मी फक्त "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलंय. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, सूर न मारण्याच्या अटीवर.

आज चौकोनात बसले. दोन्ही पाय दुमडून, हात जमिनीला, पाठीवर खो पडायची वाट बघत. हे मी शाळकरी वयापासून करत आले. खो पडला. डोक्याने उठ म्हटलं आणि पोट उठलंच नाही. गुडघ्यांवर आपटले. सगळ्या थांबल्या. मला धक्का दुखण्याचा नव्हता. सांगितलेलं शरीर ऐकत नाही, याचा होता.

गंधाली नावाची एक जालना एमआयडीसीकडच्या शाळेतली बाई आहे. तिने हात दिला. म्हणाली, "मॅडम, पोटाने नका उठू, मांड्यांनी उठा. माझ्या सिझरनंतर मी तसंच केलं."

पुढच्या वेळी उठले.

१४ डिसेंबर, रविवार

आज पूर्ण डाव खेळले. दोघींना बाद केलं. घाम असा आला की पट्टा भिजला.

नंतर कट्ट्यावर बसलो होतो तेव्हा गंधाली म्हणाली, "मॅडम, तुमचे भाऊ किती हसतमुख आहेत हो. आमच्या सासऱ्यांना त्यांच्यामुळं मशीनवर वेळ जातो."

मी म्हटलं, "कसलं मशीन?"

"डायलिसिसचं. शेजारचीच खाट आहे. मोबाइलवर तुमचा फोटो दाखवत होते सगळ्यांना. आमची अक्का परत मैदानात उतरली म्हणून. मी म्हटलं, अगोबाई, या तर आमच्या संघातल्या."

"तो दुसरा कोणी असेल. माझ्या भावाला तर सप्टेंबरमध्ये नवीन किडनी बसवली."

गंधालीने माझ्याकडे पाहिलं आणि मग बुटांची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती.

तिचा घोटाळा झालाय. फोटोत सगळ्याच बायका ट्रॅकसूटमध्ये सारख्या दिसतात. संध्याकाळी पप्पूला फोन केला. डाव कसा झाला ते सांगितलं. तो खूश झाला. त्याला हे विचारलं नाही. का विचारलं नाही, माहीत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

सरावात गंधालीला तिच्या सासऱ्यांचा दवाखाना कोणता ते विचारलं, तशीच उठले आणि रिक्षा केली. मनात म्हणत होते की आत जायचं, खाट बघायची, दुसराच कोणी असेल, परत यायचं.

पप्पूच होता.

डोळे मिटून पडलेला, एका कानात गाणी. डाव्या हातातून लाल नळ्या निघून मशीनमध्ये गेलेल्या. मी पायाशी उभी राहिले. माझे पाय धावून धावून गरम होते आणि वरचं अंग थंड पडलं होतं. त्याने डोळे उघडले. उठायला गेला, पण नळ्यांमुळे उठता येईना.

"अक्का. पळत आलीस का?"

मी ट्रॅकसूटमध्येच होते.

"कधीपासून?"

"बस आधी."

"पप्पू, कधीपासून?"

"पयलेपासूनच." मग भिंतीकडे बघत बोलला. "तिसऱ्या दिवशी गाठ झाली रक्ताची, शिरेत. किडनी काळी पडली म्हणले. परत फाडलं आन काढून टाकली."

"कुठंय ती?"

"काय?"

"माझी किडनी. कुठं ठेवली?"

शेजारच्या खाटेवरचे म्हातारे, गंधालीचे सासरे तातेराव, यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. सिस्टर येऊन म्हणाली, बाई, इथं एवढा वेळ उभं राहता येत नाही. मी राहिले.

"आन जुना दवाखाना का सोडला?"

"तुझ्या शाळेच्या रस्त्यावर हाय ना तो. तू बघितलं असतंस."

तीन महिने. माझ्या गावात, आठवड्यातून दोनदा. मी गावी यायचं म्हटलं की नको म्हणत होता, आणि इथं माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून पडलेला असायचा.

"कोणाकोणाला माहिताय?"

"सगळ्यांला." मग जल्दी जल्दी बोलायला लागला. "म्याच सांगितलं सगळ्यांला. अक्का मैदानात उतरेपर्यंत कोणी तोंड उघडायचं न्हाई. तुला आधी कळलं असतं तर तू पडूनच राहिली असतीस. मला माहिताय ना तू कशी हायस. माझ्या एकट्याचं गेलं ते गेलं. तुझं बी जायला नको व्हतं."

"आन मी पेढे वाटले, पप्पू."

त्याने मोकळा हात डोळ्यांवर घेतला.

मी निघाले. जिन्यात साधना भेटली, हातात चहाचा कप. ती भिंतीला टेकून बाजूला झाली. मी तिला ओलांडून खाली आले. रस्ता कसा पार केला, आठवत नाही.

१७ डिसेंबर

काही नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वसंतरावांना आज विचारलं. तीन दिवस मी घरात कोणाशी बोलले नव्हते.

"तुला तेव्हा ताप होता," ते म्हणाले. "मला व्हरांड्यात सांगितलं. मी आत आलो, तर तू डोळे उघडले आणि पहिलं विचारलंस, 'त्याची चालू आहे ना?' मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी न्हाई कसं म्हणायचं. मंग पप्पूनं तसा निरोप पाठवला. मला सुटल्यासारखं झालं, खरं सांगतो."

"आणि पाय चेपत होतात."

"दुसरं काय करता येत होतं मला?"

सुरुची दारात उभी होती. म्हणाली, "मलापण माहीत होतं, आई. बाबांनी शपथ घातली होती." म्हणून पेढा खाल्ला नव्हता. पंधरा वर्षांच्या पोरीने तो पेढा खाल्ला नाही, आणि मी म्हणत होते वजनाचं खूळ.

मला नेमका कशाचा धक्का बसलाय हे शोधते आहे. किडनी गेली याचा? की सगळे मला हसताना बघत होते याचा? मी पाणी पाजायला सांगत होते त्याला. भाऊबीजेला. त्याने माझं ऐकलं असतं तर छातीत पाणी भरलं असतं.

२१ डिसेंबर, रविवार

माय आली. सकाळच्या जीपने घनसावंगी, तिथून बस. सोबत पिशवीत हरभऱ्याची भाजी, जणू सणालाच आली.

माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता खेळायचं बंद कर. एका लेकराची गेली. दुसऱ्याची एक राहिली ती तरी ठिव."

मी विचारलं, "माय, दवाखान्यात माझ्या पायावर डोकं का टेकलं होतंस?"

"माफी मागून राह्यल्ते. म्याच तुला म्हणलं व्हतं ना, भावाला दे. तुझा नवरा भांडत व्हता, तरी म्या म्हणलं."

खरं म्हणजे ती म्हणाली नसती तरी मी दिली असती. ते मी तिला सांगितलं नाही. आज सांगण्याची इच्छा झाली नाही. ती भाजी निवडत बसली आणि मी बघत बसले.

२५ डिसेंबर

जे मनात येतं ते कोणाला बोलता येत नाही, म्हणून इथं.

आज भांडी आवरताना एकदम मनात आलं: परत द्या. मला माझी परत द्या. तुम्हाला उपयोग झाला नाही ना, मग माझी होती ती, परत द्या. ताट हातातच राहिलं. आपल्या मनात असं येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. तो तिकडे मशीनवर आहे, त्याचं काय व्हायचंय कोणाला ठाऊक नाही, आणि मी हिशेब मागतेय. ऑपरेशनच्या आधी परवानगी देणाऱ्या समितीने विचारलं होतं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का. मी हसून नाही म्हटलं होतं. त्यांनी हे विचारायला हवं होतं की वाया गेली तर काय कराल.

पप्पूचे फोन येतात. उचलत नाही.

२ जानेवारी

मैदान बंदच आहे माझं. गंधाली घरी आली. रडायला लागली. "मॅडम, मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "तू एकटीच माझ्याशी खरं बोललीस. रडू नकोस."

तिला चहा दिला. जाताना म्हणाली, संघात एक जागा मोकळी ठेवलीय.

९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी दार वाजलं. साधना. पप्पूला मशीनवर झोपवून आली होती. चप्पल काढली, पण बसली नाही.

"फोन का उचलत न्हाईत, अक्का?"

"तुला माहिताय."

"मला लई काय माहिताय." तिचा आवाज चढला नाही. "तुमचं नुकसान झालं, मान्य हाय. पण मला कोणी विचारलं का? ते हुकूम सोडून मोकळे झाले. खोटं बोलायचं काम माझ्याकडं. फोन मी उचलायचा, झोपलेत म्हणायचं, पाणी गार व्हतं म्हणायचं. तुम्ही हसायच्या तिकडून, आन मी फोन ठिवून मोरीत जाऊन रडायची."

मी तिला बसायला सांगितलं. मग ती बसली. तिच्यातली बाई मला कधी दिसलीच नव्हती, मला फक्त पप्पूची बायको दिसत होती.

ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगायला आले, काढावी लागंल. तवा हे काय म्हणले माहिताय का तुम्हाला? म्हणले, काढताय तर परत अक्काला बसवा. तिची हाय, तिला परत द्या. डॉक्टरांना समजंच ना काय बोलावं. म्हणले, तसं नसतं होत. तर हात जोडून परत तेच. तिला खेळायचंय, डॉक्टर, तिला परत बसवा. शेवटी गुंगीचं इंजेक्शन दिलं."

तेच शब्द. मी ताट धरून उभी होते आणि मनात तेच शब्द होते. त्याने मात्र ते माझ्यासाठी म्हटले होते.

"आन आता मायची घ्या म्हणलं तर न्हाई म्हणत्यात," साधना म्हणाली. "माझा रक्तगट जुळत न्हाई. सरकारी यादीत नाव हाय, मेलेल्या माणसाची मिळाली तर घेईन म्हणत्यात, जित्या माणसाची बिलकुल न्हाई. एकदा बघितलं म्हणत्यात, बास."

ती निघाली तेव्हा मी तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत गेले. दवाखान्यात गेले नाही. अजून पाय वळत नव्हते.

१० जानेवारी

डॉक्टरांना फोन केला. त्यांनाही मी आधी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचे मिस्टर माझ्यासमोर रडले होते," एवढंच म्हणाले. मग मी सामन्याचं विचारलं. म्हणाले, "तुमचं पोट भरून आलंय. कंबरेला जाड पट्टा बांधा, सूर मारू नका. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. निर्णय तुमचा."

कोणीतरी निर्णय माझ्यावर सोडला, हे बऱ्याच दिवसांनी झालं.

मायला फोन करून सांगितलं की मी खेळणार आहे. तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने परत तिचाच फोन. "पट्टा चांगला आवळून बांध."

१८ जानेवारी

सराव. उठते आता खो पडल्यावर. पप्पूला एक निरोप टाकला: "शुक्रवारी सामना आहे." त्याचं उत्तर आलं: "शुक्रवारी मशीन आहे." दोघांनीही खरं लिहिलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

हरलो. अंबडच्या संघाकडून, थोडक्यात. सगळं लिहायला हवं.

मी पहिल्याच तुकडीत पळायला उतरले. वसंतराव मैदानाबाहेर माझ्यापेक्षा जास्त घामेजलेले. सुरुची ओरडत होती. आधी मला फक्त पट्टा जाणवत होता आणि पोटातली ती ओढ. मग खांबाजवळ एकीला हुलकावणी दिली, तिचा हात माझ्या पाठीमागून हवेत गेला, आणि त्यानंतर काही आठवलं नाही. ऑपरेशन नाही, किडनी नाही, कोणी काय लपवलं ते नाही. फक्त तिची टाच आणि माझी टाच. किती वेळ टिकले कोण जाणे, पण टिकले. मग खांब सोडून बसलेल्या खेळाडूंमधल्या पाटीकडे धावले आणि बाद झाले.

सामना संपल्यावर वसंतराव म्हणाले, घरी चल, आडवी हो. मी म्हटलं, आधी मला तिकडे सोडा.

तशीच आत गेले, गुडघ्याला माती. सिस्टरने पायांकडे पाहिलं आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, बुटांवर चढवायला. पप्पू उशीला टेकून बसला होता. वाळलाय. मी स्टूल ओढलं. महिनाभर बोललो नव्हतो, कुठून सुरू करायचं दोघांनाही कळेना.

शेवटी त्यानेच विचारलं, "हरलात?"

"हरलो."

"तू कशी गेलीस?"

"खांब सोडला. पाटीकडं पळाले."

तो सरळ झाला. "खांब का सोडलास? समोरची उजव्या अंगाची असंल तर खांब सोडायचा न्हाई, किती वेळा सांगितलंय तुला. दोन चकरा अजून मारल्या असत्यास तर ती थकली असती."

"पोट ओढत होतं माझं."

"खोटं नको बोलू, अक्का. पोट ओढत असतं तर तू पळालीच नसतीस. घाबरलीस तू."

"तू मला म्हणतोस खोटं नको बोलू?"

शब्द गेले तोंडातून. शेजारच्या खाटेवर तातेरावांनी मान वळवली. पप्पू माझ्याकडे बघत राहिला. आणि मग हसला. आधी नुसते खांदे हलले, मग पोटातून, आवाज करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही आवरेना. हसताना माझं पोट खरंच ओढलं आणि मी दोन्ही हातांनी धरलं. त्याचा हात हलला तसं मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली, नळी सरळ केली, दोघांनाही दमात घेतलं.

ती गेल्यावर तो हळूच म्हणाला, "दुखतं का गं खरंच?"

"हो," मी म्हटलं. "घाबरलेपण होते. आन तुझं?"

तो वर छताकडे बघत होता.

"लई दुखतं, अक्का," म्हणाला.

मी स्टूल आणखी जवळ घेतलं. मशीन संपायला अजून वेळ होता.